तीन साक्षीदार आणि एक सोयीस्कर न्यायाधीश: 'फायर अँड ब्लड' कसं वाचावं

जॉर्ज आर. आर. मार्टिन, 2018, इंग्रजी. सातशेहून जास्त पानं, डग व्हीटली यांची कृष्णधवल चित्रं. पुढे कथानक उघड केलं आहे.

या पुस्तकाबद्दलची पहिली तक्रार ठरलेली असते: कादंबरी म्हणून मागवलं आणि निघाला इतिहास. तक्रार खरी आहे. ओल्डटाउनच्या सिटाडेलमधला गिल्डेन नावाचा आर्चमेस्टर, म्हणजे तिथला पीठाचार्य म्हणा, टार्गेरियन या राजघराण्याच्या पहिल्या दीडेकशे वर्षांची हकिकत लिहितो आहे. घटना त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीच्या. त्यामुळे 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या मूळ कादंबऱ्यांसारखं पात्राच्या डोक्यात शिरता येत नाही. लढाया आहेत, ड्रॅगन आहेत, विषप्रयोग आहेत, पण सगळं ऐकीव. ते चालणार नसेल तर पैसे वाचवा.

चालणार असेल तर खरी मेजवानी दुसऱ्या अर्ध्यात आहे. व्हिसेरिस राजा मरतो आणि त्याची मुलगी रेनिरा व मुलगा एगॉन यांच्यात गादीसाठी यादवी पेटते. रेनिराचे ते काळे, एगॉनचे ते हिरवे. या यादवीसाठी गिल्डेनजवळ मुख्यतः तीन साधनं आहेत. पहिलं ग्रँड मेस्टर, म्हणजे दरबारी पंडित, मंकनचं. त्याच्या ग्रंथाच्या नावातच 'सत्यकथन' आहे, पण मंकन लिहितो नंतरच्या काळात आणि त्याचा बराचसा आधार म्हणजे आधीच्या ग्रँड मेस्टर ऑरवाइलने कैदेत लिहिलेला कबुलीजबाब. दुसरं सेप्टन युस्टेसचं. हा राजवाड्यातला पुजारी. तिसरं मशरूमचं. हा तीन फुटी दरबारी विदूषक. लोक त्याला मतिमंद समजत, म्हणून त्याच्यासमोर काहीही बोलत. त्याला लिहिता येत नव्हतं. त्याने सांगितलं, लेखनिकाने उतरवलं, पुढे बेलॉर राजाने प्रती जाळायला लावल्या आणि ज्या थोड्या वाचल्या त्या गिल्डेनच्या हाती लागल्या. म्हणजे कानगोष्टींचा खेळच.

हे यंत्र कसं चालतं ते एका प्रसंगात पुरतं दिसतं. राजा मेल्या रात्री मंत्रिमंडळ गुपचूप बसतं. खजिनदार लायमन बीसबरी एकटा रेनिराच्या हक्काची बाजू घेतो आणि मरतो. कसा? ऑरवाइल म्हणतो, त्याला धरून अंधारकोठडीत टाकलं, तिथे थंडी बाधून गेला. युस्टेस म्हणतो, राजरक्षकांचा प्रमुख क्रिस्टन कोल याने त्याला खुर्चीत परत दाबून बसवलं आणि गळा चिरला. मशरूम म्हणतो, कोलने मानगूट धरून खिडकीबाहेर फेकला, खाली कोरड्या खंदकातल्या लोखंडी सुळ्यांवर. तिघांचं एकमत एवढ्यावरच की या युद्धातलं पहिलं रक्त बीसबरीचं.

आता यातला कोण खरा? बहुतेक वाचक गळा चिरणारी हकिकत मधली, म्हणून समजूतदार, म्हणून खरी धरतात. घाई करू नका. त्या रात्री त्या खोलीत तिघांपैकी फक्त ऑरवाइल होता. युस्टेस मंत्री नव्हता आणि मशरूम तर समुद्रापलीकडे ड्रॅगनस्टोनवर रेनिराजवळ होता. म्हणजे प्रत्यक्षदर्शी एकच, आणि तोच कैदेत बसून स्वतःची मान वाचवायला लिहितो आहे. आपल्या डोळ्यांदेखत खून झाला आणि आपण गप्प बसलो, हे तो कशाला लिहील? थंडीने मेला म्हणणं त्याच्या सोयीचं. खोलीत असलेल्याला खोटं बोलायचं कारण सर्वांत मोठं, आणि ज्यांना कारण कमी ते खोलीत नव्हते. मार्टिनने ही गाठ जाणूनबुजून मारली आहे, आणि पुस्तकात अशा गाठी बऱ्याच आहेत.

म्हणून वाचताना प्रत्येक दाव्याशेजारी पेन्सिलीने दोन गोष्टी लिहाव्यात: सांगणारा तेव्हा कुठे होता, आणि हे खरं मानलं तर कोणाचं भलं होतं. युस्टेसवर हे छान लागू पडतं. त्याच्या मते एगॉन आधी मुकुट नाकारतो, वारस माझी बहीण आहे म्हणतो. पण एगॉनला पवित्र तेलाचा अभिषेक याच युस्टेसने केला! आपण अभिषेक केलेला राजा हावरट नव्हता, हे त्याला हवंच असणार. उलट, एगॉन रखेलीपाशी सापडला हे तोच कबूल करतो. स्वतःच्या बाजूला न शोभणारी गोष्ट सांगतो, तेवढी जास्त भरवशाची.

मशरूमवर मात्र हीच कसोटी चालत नाही, आणि अनेकजण इथेच फसतात. तो रेनिराच्या दरबारातला, तरी तिच्याबद्दलही वाटेल ते सांगतो. स्वतःच्या पक्षाला न शोभणारं बोलतो म्हणजे खरं बोलत असेल, असं वाटतं. पण मशरूमचा पक्ष काळाही नाही आणि हिरवाही नाही. त्याचा पक्ष चावटपणा. युस्टेसच्या सांगण्यानुसार क्रिस्टन कोल रेनिराकडे आला आणि आपण पळून जाऊ म्हणाला, तिने नकार दिला. मशरूमच्या हकिकतीत उलटं: ती त्याच्याकडे गेली आणि तो हादरला. दोघांनाही बंद दाराआडचं कळलं कसं, हे कोणी विचारत नाही. युस्टेस आणि मशरूम एकमेकांशी न पटणारी माणसं. ते जिथे जुळतात, तिथे थांबा. ती पानं सोन्याची.

बखरी माहीत असलेल्या मराठी वाचकाला हा खेळ परका नाही. नारायणरावाच्या खुनाची गोष्ट आपण 'ध'चा 'मा' या एका अक्षरावर तोललेली ऐकत आलो, ती कोणाच्या सोयीची हे पुढे कधीतरी विचारलं. फरक असा की तिथे इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांसारखा माणूस बखर बाजूला सारून अस्सल कागद शोधायला निघतो. इथे अस्सल कागद नाहीच. मशरूमची पोथी आपण कधीच वाचत नाही. गिल्डेनने त्यातून उचललेलं तेवढंच वाचतो.

आणि गिल्डेन साधा नाही. हॅरेनहाल किल्ल्याच्या आगीत तिथला सरदार लायोनेल स्ट्राँग आणि त्याचा मुलगा हार्विन जळून मरतात. मशरूम बोट दाखवतो कॉर्लिस व्हेलारिऑन या दर्यावर्दी सरदाराकडे, युस्टेस राजाचा भाऊ डेमॉन याच्याकडे. कोणी लायोनेलचा धाकटा मुलगा लॅरिस याचं नाव घेतो, तर ग्रँड मेस्टर मेलॉस चक्क राजाचं. गिल्डेन मध्येच युस्टेसचा तर्क जास्त पटण्यासारखा ठरवून मोकळा होतो. का पटण्यासारखा, ते सांगत नाही. मशरूमला तो नाक मुरडतो, पण त्याचा एकही चावट किस्सा गाळत नाही. सज्जन माणूस शेजारच्या भानगडी 'मला काय करायचंय' म्हणत सांगतो, तसा. शिवाय यादवीसाठीची त्याची मुख्य साधनं पुरुषांची. अ‍ॅलिसेंट, रेनिरा, हेलेना, नेटल्स या बायकांच्या मनातलं इतरांच्या तोंडून.

दोष? पहिल्या अर्ध्यात ही मजा पातळ आहे. जहेरिस राजाची 55 वर्षं वाचनीय आहेत, पण साक्षी क्वचितच एकमेकांना छेदतात, त्यामुळे गिल्डेनचं म्हणणं मुकाट्याने मानावं लागतं. नावांची गर्दी त्रास देते. एगॉन कितवा, हे दर वेळी तपासावं लागतं. आणि 'मशरूम मात्र म्हणतो' हे वळण शेवटीशेवटी सवयीचं होतं. बायकांबद्दलची घाण छापायची आणि वर विदूषकावर ढकलायची, ही लेखकाची पळवाटही आहे. ती काही ठिकाणी खटकते.

2022 ची 'हाउस ऑफ द ड्रॅगन' मालिका आधी पाहिली असेल तर एक सावधगिरी. कॅमेऱ्याला एकच सत्य निवडावं लागतं. तिथे बीसबरीचं डोकं कोलच्या धक्क्याने टेबलावरच्या गोळ्यावर आपटतं, म्हणजे चौथीच तऱ्हा. पुस्तकात भोसकून मारला गेलेला रेनिराचा पहिला नवरा लेनॉर मालिकेत जिवंत निसटतो. मालिकेची उत्तरं पुस्तकात भरू नका.

ऑडिओबुक सायमन व्हान्स यांच्या आवाजात सुमारे 26 तासांचं आहे आणि वाचन सुरेख आहे, पण पहिल्या खेपेला ते घेऊ नका. कोण म्हणालं हे कानाआड झालं की सगळं गिल्डेनचंच वाटतं. ई-बुक सर्वांत सोयीचं: मशरूमचं नाव शोधात टाकून त्याच्या सगळ्या साक्षी सलग वाचता येतात. चित्रांसाठी छापील प्रत हवी. हा पहिलाच भाग असून तो तिसऱ्या एगॉनच्या बालपणातल्या कारभाऱ्यांच्या राजवटीपाशी थांबतो, तेव्हा पूर्ण घराण्याची कथा मिळेल या अपेक्षेने मागवू नये. पाचपैकी चार तारे, त्यातले तीन दुसऱ्या अर्ध्याचे.