आईला व्हीलचेअर, बाबांना स्कूटर?

फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला आईबाबांना नेताय? मग "चालेन गं मी, काठी आहे ना" यावर जाऊ नका. तिथल्या एपकॉट या पार्कातल्या ११ देशांच्या दालनांचा तळ्याभोवतीचा नुसता फेराच जवळजवळ २ किलोमीटरचा आहे.

पार्कात साधी व्हीलचेअर आणि बॅटरीची स्कूटर, दोन्ही भाड्याने मिळतात. स्कूटर बरीच महाग, आणि उशिरा पोचलात तर संपलेलीही असू शकते. पण जन्मभर बजाज चालवलेल्या आमच्या बाबांचा चेहरा तिच्यावर बसताच खुलला. कुणाच्या ढकलण्यावर अवलंबून राहणं नाही! खटका सोडला की ती थांबते, हे मात्र मोकळ्या जागेत चार वेळा करून घ्या. गर्दीत पोरं मध्येच उभी राहतात. शिवाय काही राइड्सना स्कूटर सोडून व्हीलचेअरवर बसावंच लागतं.

नजर अधू असेल किंवा हात थरथरत असतील तर सरळ व्हीलचेअर घ्या. ढकलणाऱ्याचा उन्हात घाम निघतो, ते वेगळं. साडी असेल तर पदर खोचायला लावा. आईचा चाकात गुंतला होता, सोडवायला दहा मिनिटं गेली. दुसऱ्या दिवशी ती मुकाट्याने पंजाबी ड्रेस घालून आली.