‘ओपन टू वर्क’ आणि ‘करिअर ब्रेक’ : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या संकेतस्थळावरील ‘ओपन टू वर्क’ ही काम हवे असल्याचे कळवणारी सोय आणि ‘करिअर ब्रेक’ ही नोकरीतील खंडाची नोंद मी गेले काही महिने एकत्र वापरते आहे. खरेदी विभागातील नोकरी वडिलांच्या शुश्रूषेसाठी सोडली होती आणि आता पुन्हा पूर्णवेळ काम हवे आहे, एवढी साधी वस्तुस्थिती प्रोफाइल पाहणाऱ्याला पहिल्या नजरेत कळावी, हा त्यामागचा हेतू होता. दोन्ही सोयी उपयोगी पडल्या. मात्र दुसरी अधिक मोलाची निघाली.

‘ओपन टू वर्क’ सुरू करताना दोन पर्याय समोर येतात. पहिल्यात तुमची उपलब्धता केवळ रिक्रूटरना, म्हणजे लिंक्डइनचे भरतीसाठीचे सशुल्क साधन वापरणाऱ्यांना दिसते. दुसऱ्यात ती सर्वांना दिसते आणि छायाचित्राभोवती हिरवी चौकट घेता येते. रिक्रूटरपुरती सोय २०१६ पासून आहे, चौकट २०२० मध्ये करोनाच्या साथीत आली. नोकरीत असताना शोध घेणाऱ्यांनी एक गोष्ट अवश्य लक्षात घ्यावी : सध्याच्या कंपनीतील रिक्रूटरना ही माहिती दिसू नये अशी काळजी लिंक्डइन घेते, परंतु संपूर्ण गोपनीयतेची हमी देत नाही, आणि तसे स्पष्ट सांगतेही. ही बाब वरिष्ठांच्या कानावर गेल्यास अडचण होणार असेल, तर या पर्यायावर पूर्णपणे विसंबू नये.

हिरव्या चौकटीमुळे उमेदवार अगतिक दिसतो, असे काहीजण ठामपणे सांगतात. मला ते पटत नाही. नोकरी नसणे ही लपवण्याजोगी गोष्ट नाही. कित्येक वर्षांत ज्यांच्याशी बोलणे झाले नव्हते अशा एका जुन्या सहकाऱ्यांनी ती चौकट पाहूनच आपणहून विचारपूस केली आणि ओळखीच्या ठिकाणी माझे नाव सुचवले. रिक्रूटरपुरत्या पर्यायात ते त्यांना कळलेच नसते. चौकटीची मर्यादा वेगळी आहे. काम हवे आहे एवढेच ती सांगते. कोणते, कधीपासून आणि मधल्या काळात काय केले, हे प्रोफाइलच्या इतर भागांनी सांगावे लागते.

त्यांत हेडलाइन महत्त्वाची, कारण शोधयादीत नावाखाली तीच दिसते. तिथे २२० अक्षरांची जागा असते. ‘नव्या संधीच्या शोधात’ एवढेच लिहिल्यास ती वाया जाते, कारण रिक्रूटर शोध घेतात तो पदाचे नाव आणि कौशल्य टाकून. माझी हेडलाइन अशी आहे : ‘खरेदी व्यवस्थापक, पुरवठादारांशी वाटाघाटी व करार, पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध’. नोकरी सुटल्यावर ‘स्वतंत्र सल्लागार’ असे लिहून टाकण्याची पद्धतही बरीच रुळली आहे. खरोखर ग्राहक असतील तर ते योग्यच. नसतील तर ‘सध्या कोणासाठी काम करता?’ या प्रश्नाशीच मुलाखत अडखळते, आणि त्यापुढची खरी उत्तरेही संशयाने ऐकली जातात.

‘करिअर ब्रेक’ची सोय २०२२ मध्ये आली. ही नोंद अनुभवाच्या विभागातच होते आणि कारण यादीतून निवडायचे असते : पूर्णवेळ पालकत्व, शुश्रूषा, आरोग्य, नोकरकपात, स्थलांतर वगैरे. मी शुश्रूषा हे कारण निवडले, तारखा दिल्या आणि खाली दोनच वाक्ये लिहिली : ‘घरातील ज्येष्ठांच्या दीर्घ आजारपणात पूर्णवेळ शुश्रूषा केली. ही जबाबदारी आता उरलेली नसून मी लगेच रुजू होऊ शकते.’ आजाराचे नाव किंवा घरचा तपशील दिला नाही, कारण नोकरी देणाऱ्याच्या निर्णयासाठी तो आवश्यक नव्हता. दुसरे वाक्य सर्वाधिक उपयोगी पडले. ही नोंद करण्यापूर्वी फोनवरचे निम्मे बोलणे ‘आता घरी सगळे ठीक आहे ना?’ या प्रश्नाभोवती घुटमळत असे; नंतर ते थेट मी हाताळलेल्या करारांपासून सुरू होऊ लागले.

एका भरती संस्थेच्या प्रतिनिधींनी मात्र ही नोंद काढून जुन्या नोकरीची शेवटची तारीख पुढे सरकवण्याचा सल्ला दिला. मी तो मानला नाही. अनुभवपत्रावर कार्यमुक्तीची तारीख असते, अनेक कंपन्या नेमणुकीपूर्वी ती पडताळून पाहतात, आणि तफावत निघाली तर हाती आलेले नियुक्तीपत्रही रद्द होऊ शकते. शिवाय वडिलांजवळ घालवलेले ते महिने खोडून टाकावेत असे मला मुळीच वाटत नाही.

सेटिंगमध्ये ‘लगेच रुजू होणार की सवडीने पाहत आहात’ असेही विचारले जाते. परिस्थिती बदलली की हे उत्तरही बदलावे. सध्या एका कंपनीशी माझी बोलणी शेवटच्या टप्प्यात आहेत. नियुक्तीपत्रावर सही होईपर्यंत चौकट मी काढणार नाही. मात्र नव्याने संपर्क साधणाऱ्या रिक्रूटरना ही बोलणी सुरू असल्याचे पहिल्याच उत्तरात कळवते, म्हणजे पुढे जायचे की नाही हे त्यांना ठरवता येते.