सदस्यसाहेबांचे कृषी सेवा केंद्र : बियाणे खात्रीचे, उधारी मात्र जपून

कर्नाटकातल्या निपाणी–चिकोडी भागातील एका बाजारगावात, रस्त्याला लागूनच असलेल्या कृषी सेवा केंद्रातून मी बरीच वर्षे बियाणे, खते आणि औषधे घेत आलो आहे. दुकानाचे मालक २०१६ साली तालुका पंचायतीवर निवडून आले होते. त्या सदस्यांची मुदत २०२१ मध्ये संपली, पुढच्या निवडणुका लांबल्या, तरी गावात त्यांना अजून ‘सदस्य’ किंवा ‘अण्णा’ म्हणूनच ओळखतात, आणि सध्या ते पीकेपीएसचे, म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सहकारी सोसायटीचे संचालक आहेत. ते अजून राजकारणात असल्यामुळे हा मजकूर त्यांच्या प्रचारासाठी किंवा विरोधासाठी वापरला जाऊ नये, म्हणून दुकानाचे आणि मालकांचे नाव मी देत नाही.

आपल्या सीमाभागात शेतीच्या व्यापारातून राजकारणात आलेली किंवा राजकारणाबरोबर तो व्यापार सांभाळणारी माणसे नवीन नाहीत. हुक्केरीचे दिवंगत आमदार उमेश कत्ती राज्याचे कृषिमंत्री होते आणि त्यांच्या घराण्याचा साखर कारखाना बेल्लद बागेवाडीला आहे. काँग्रेस नेते सतीश जारकीहोळी यांच्या नावानेच कारखाना चालतो. चिकोडीच्या दूधगंगा कारखान्याशी राजकारणातल्या कोरे घराण्याचे नाव जोडलेले आहे. मात्र कारखान्याच्या मालकाशी शेतकऱ्याची समोरासमोर गाठ क्वचितच पडते. बियाण्याची पिशवी, युरियाचे पोते आणि औषधाची बाटली जिथे हातात पडते, त्या काउंटरच्या मागे बसलेला लोकप्रतिनिधी मात्र मृग नक्षत्रापासून सुगीपर्यंत रोज दिसतो. त्यामुळे त्याचा कारभार कसा आहे हे तपासून पाहणे शक्यही आहे आणि गरजेचेही आहे.

सुरुवात बियाण्यापासून करतो, कारण या दुकानाची खरी ताकद तिथे आहे. सोयाबीनचे बियाणे नाजूक असते. पोते दोन वेळा आपटले तरी त्याची उगवण घटते, आणि प्रमाणित बियाण्यासाठी किमान ७० टक्के उगवणक्षमतेची अट असली तरी टॅगवरचा आकडा आणि शेतातली उगवण यांत पुष्कळदा अंतर पडते. मे महिन्याच्या अखेरीस नवा माल आला की या दुकानात प्रत्येक लॉटमधून शंभर दाणे काढून ते ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडले जातात. गोणपाटाची सैलसर गुंडाळी करून तिला सुतळीने चिठ्ठी बांधली जाते आणि चिठ्ठीवर लॉट नंबर व तारीख असते. मागच्या भिंतीला अशा गुंडाळ्या ओळीने उभ्या करून ठेवलेल्या असतात. कोणीही गिऱ्हाईक आपण घेणार असलेल्या लॉटची गुंडाळी उघडून मोड मोजू शकतो, आणि मोजताना कोणी कपाळाला आठ्या घालत नाही. एका हंगामात एका लॉटचे मोड साठीच्या आसपासच आले, तेव्हा अण्णांनी तो माल कंपनीला परत पाठवला आणि ज्यांनी आधीच नेला होता त्यांना निरोप धाडून बदलून दिला. हे करताना पेरणीचे चार दिवस पुढे गेले म्हणून काही जण नाराज झाले, पण दुबार पेरणीचा खर्च ज्याने सोसला आहे त्याला या चार दिवसांची किंमत कळते.

टॅगच्या बाबतीतही दुकान काटेकोर आहे. निळा टॅग प्रमाणित बियाण्याचा आणि हिरवट टॅग कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर विकलेल्या सत्यप्रत बियाण्याचा, हा फरक विचारण्याआधीच सांगितला जातो. पिशवीवरचा टॅग आणि पावती पीक निघेपर्यंत जपून ठेवा, असेही बजावले जाते, कारण उगवण झाली नाही तर तक्रार त्या दोन कागदांवरच उभी राहते. बियाण्याच्या धंद्यातून सत्तेपर्यंत गेलेला माणूस म्हटले की अमेरिकेचे हेन्री वॉलेस यांचे उदाहरण दिले जाते. १९२६ मध्ये त्यांनी संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली, १९३३ मध्ये ते देशाचे कृषिमंत्री झाले आणि १९४१ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष. आमच्या सदस्यांची मजल एवढी मोठी नाही, पण बियाण्याच्या माणसाची परीक्षा शेवटी उगवणीवरच होते आणि त्या परीक्षेत हे दुकान उत्तीर्ण आहे.

खतांचा व्यवहारही बहुतांशी स्वच्छ आहे. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार विक्रेत्याने साठा आणि दर ठळकपणे लावणे आणि रोख असो वा उधार, प्रत्येक विक्रीची पावती देणे बंधनकारक आहे. इथे दरफलक रोज सकाळी पुसून नव्याने लिहिला जातो. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्याचा दर २६६ रुपये ५० पैसे असा फलकावर असतो, पावतीवर तोच येतो, आणि पोते गाडीत चढवण्याची हमाली वेगळी सांगितली जाते. आमच्या भागात युरियाची टंचाई पडली की अनेक दुकानांत लिंकिंग सुरू होते, म्हणजे युरिया हवा असेल तर सोबत नॅनो युरियाची बाटली किंवा सूक्ष्म अन्नद्रव्याचे पाकीट घ्यावेच लागते. या दुकानात मला अशी सक्ती कधी झाली नाही. टंचाईच्या दिवसांत माणशी पोती ठरवून दिली जातात आणि हा नियम अण्णांच्या जवळच्या माणसांनाही लागू होतो, हे मी रांगेत उभे राहून पाहिले आहे.

खतविक्रीची नोंद करणाऱ्या पॉस यंत्रावर अंगठा लावल्यानंतर निघणारी पावती आणि दुकानाचे बिल मराठीत नसते. वयस्कर मराठी शेतकऱ्यांना ते वाचता येत नाही, म्हणून काउंटरवरचा मुलगा प्रत्येक ओळ मराठीत वाचून दाखवतो आणि बिलाच्या मागच्या बाजूला एकरी किती, कधी आणि कशात मिसळून द्यायचे हे मराठीत लिहून देतो. भाषेच्या प्रश्नावर आमच्याकडे एवढी वर्षे एवढे काही झाले आहे की, एका दुकानाने हा प्रश्न वाद न घालता आपल्यापुरता सोडवला, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

हा मुलगा अण्णांचा भाचा आहे आणि त्याच्याकडे कृषी पदविका आहे. स्वतः अण्णांनी हैदराबादच्या मॅनेज संस्थेने २००३ मध्ये सुरू केलेला, कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठीचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम पूर्ण केला आहे आणि त्याचे प्रमाणपत्र काउंटरच्या मागे लावलेले आहे. शिक्षणाचा परिणाम सल्ल्यात दिसतो. मक्यावर अळी पडली असे सांगत गेलो, तेव्हा भाच्याने आधी पोंगा उपटून आणायला सांगितले, अळीच्या डोक्यावरची उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी खूण भिंगातून दाखवली, ही लष्करी अळी असल्याचे सांगितले आणि मगच एक औषध दिले. इतर ठिकाणी अशा वेळी कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक आणि स्टिकर (फवारा पानाला चिकटवणारे द्रव) अशा चार बाटल्या पिशवीत पडतात. बाटलीवरचा रंगीत त्रिकोण दाखवून लाल असेल तर किती जपायचे, हातमोजे आणि तोंडाला फडके का हवे, हेही तो न कंटाळता सांगतो. एकदा तर हुमणीसाठी (मुळे खाणारी भुंग्याची अळी) महागडे औषध मागायला गेलेल्या शेजाऱ्याला त्याने, आता अळी मोठी झाली आहे, खर्च वाया जाईल, पुढच्या वळवानंतर भुंगे गोळा करा, असे सांगून रिकाम्या हाताने परत पाठवले.

दुकानाची जागा अरुंद आहे, ट्रॅक्टर वळवायला अडचण होते आणि बाजारच्या दिवशी जाणे टाळावे.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे दुकान डोळे झाकून चांगले म्हणू शकत नाही, ती उधारी. आमच्या भागातला शेतकरी जूनमध्ये माल उचलतो आणि उसाचे बिल आले किंवा सोयाबीन विकले की पैसे भागवतो. कायद्याने ऊस गेल्यापासून १४ दिवसांत बिल मिळायला हवे, पण ते वेळेवर मिळेल या भरवशावर कोणी बसत नाही, त्यामुळे उधारीशिवाय निम्म्या गावाची पेरणी होणार नाही. अण्णा उधार देतात, नड ओळखून देतात, आणि बहुधा नाही म्हणत नाहीत. पण उधारीचा दर फलकावर नसतो. युरियाची किंमत सरकारने बांधलेली असल्यामुळे ती उधारीतही तीच राहते. फरक निघतो तो विद्राव्य खतांवर आणि औषधांवर. औषधाच्या बाटलीवर छापलेली कमाल किंमत प्रत्यक्ष विक्रीच्या किमतीपेक्षा पुष्कळ वर असते. त्यामुळे रोखीचा दर एक, उधारीचा दर दुसरा, आणि दोन्ही छापील किमतीच्या आत, असा व्यवहार बसतो. कागदोपत्री त्यात चूक काढता येत नाही, तरी सहा महिन्यांचे व्याज नेमके किती पडले हे शेतकऱ्याला कधीच कळत नाही. वही अण्णांकडे असते आणि तिची नक्कल मागितली की, अरे, आपल्यात कागद कशाला, असे प्रेमाने उत्तर मिळते. त्या प्रेमामुळेच पुढे विचारायला जीभ रेटत नाही.

मालक निव्वळ दुकानदार असते तर मी हे एवढे ताणले नसते. ज्या माणसाची आपल्याकडे बाकी आहे, तोच माणूस निवडणुकीत हात जोडून दारात उभा राहतो. तो बाकीचा उल्लेखही करत नाही आणि अण्णांनी तो कधी केल्याचे मी ऐकलेले नाही. पण वहीत नाव असलेल्या माणसाला तो उल्लेख ऐकायची गरजच पडत नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर याच धंद्यातले होते. जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या लहान गावात त्यांच्या वडिलांचे भुईमूग, बियाणे आणि खतांचे दुकान होते, आणि वडीलही राज्याच्या विधिमंडळात निवडून गेलेले होते. १९५३ मध्ये वडील वारले, तेव्हा त्यांनी लोकांची बरीच येणी सोडून दिलेली असल्याने आणि उरलेली मालमत्ता भावंडांत वाटली गेल्याने कार्टर यांच्या हाती फारसे काही आले नाही. नौदल सोडून ते दुकानात बसले आणि पहिल्या वर्षी दुष्काळामुळे जेमतेम खर्च निघाला. पुढे १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष होताना त्यांनी हा धंदा विश्वस्तांच्या हाती सोपवला, आणि १९८१ मध्ये परत आले तेव्हा त्यावर मोठे कर्ज झालेले होते. पीकेपीएसच्या संचालकाने एवढे करावे अशी कोणाची अपेक्षा नाही. मात्र पद आणि वही एकाच हातात असली की वही उघडी असायला हवी, ही अपेक्षा मोठी नाही.

हीच गोष्ट खरेदीच्या बाजूला जास्त टोचते. अण्णा सुगीत सोयाबीन विकतही घेतात. त्यांच्याकडे ओलावा मोजण्याचे यंत्र आहे, काटा इलेक्ट्रॉनिक आहे, आणि रोखीने येणाऱ्या शेतकऱ्याला दर बाजाराइतकाच मिळतो. ज्याची बाकी आहे त्याचा माल मात्र बहुतेक वेळा तिथेच घातला जातो, आणि तेव्हा १२ टक्क्यांच्या वर ओलावा दाखवून कडता (वजनातली कपात) किती धरायचा हे ठरवणारा माणूस आणि बाकी वसूल करणारा माणूस एकच असतो. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झालेला असताना बाजार त्याखाली रेंगाळत असेल, तर कडत्यातला एकेक किलो महत्त्वाचा ठरतो. मी माझे सोयाबीन निपाणीच्या मार्केट यार्डात नेतो. गाडीभाडे पडते, पण पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, हातात येते.

राजकारणाचा आणखी एक त्रास किरकोळ वाटेल, तरी नोंदवतो. उताऱ्यातील नावाची चूक, पीक विम्याचा अर्ज, जळालेला ट्रान्सफॉर्मर अशी कामे घेऊन लोक काउंटरवरच येतात, अण्णा प्रत्येकासाठी फोन फिरवतात, आणि मागे युरियासाठी उभा असलेला माणूस ताटकळतो. ही कामे ते पैसे न घेता करतात आणि आमच्या भागात त्यांची गरजही आहे, म्हणून त्यांना दिवसातली एखादी वेगळी वेळ ठरवून द्यावी एवढेच सुचवतो. अण्णांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स कार्यकर्त्यांनी मागच्या वर्षी नेमका दरफलकावर टांगला आणि तो आठवडाभर तिथेच होता. साठा आणि दर दिसले पाहिजेत हा नियम त्या आठवड्यातही लागू होता, आणि हे अण्णांना मी तोंडावर सांगितले, तेव्हा त्यांनी फ्लेक्स त्याच दिवशी उतरवला.

बियाणे, रासायनिक खते आणि पिकाचा सल्ला यांसाठी या दुकानात जायला मी कोणालाही सांगेन, आणि स्वतःही जात राहीन. रोखीने घ्या, बिल मागा, सोयाबीनच्या लॉटचे मोड स्वतः मोजा. उधार घ्यावेच लागले, तर माल उचलतानाच प्रत्येक वस्तूचा रोखीचा आणि उधारीचा दर आपल्या डायरीत लिहून खाली भाच्याची सही घ्या. तो सही देतो, मी घेतलेली आहे. अण्णांना माझे सांगणे एवढेच आहे की, येत्या मृगाच्या आधी उधारीचा दर त्या फलकावर युरियाच्या दराखाली लिहावा, आणि प्रत्येक खातेदाराला दर महिन्याला त्याच्या पानाची नक्कल द्यावी.