डीबीएस ७७० अल्टिमेट: पंखाशिवाय जमिनीला धरून राहणारी गाडी

ॲस्टन मार्टिनने जानेवारी २०२३ मध्ये डीबीएस ७७० अल्टिमेट जाहीर केली, तेव्हा बंद छताच्या ३०० कूपे आणि उघड्या छताच्या १९९ व्होलांते एवढ्याच गाड्या निघतील असे सांगितले होते. त्यांतली एक कूपे गेले कित्येक महिने माझ्याकडे आहे आणि इंग्लंडच्या उन्हापावसात मी ती लांबच्या प्रवासाला तसेच रोजच्या कामालाही वापरतो. तिच्या ५.२ लिटरच्या व्ही१२ इंजिनाबद्दल, त्याच्या ७७० पीएस शक्तीबद्दल आणि ९०० न्यूटन-मीटर टॉर्कबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. मला लिहायचे आहे ते तिच्या बाह्यरूपाविषयी आणि त्या रूपात बेमालूम मिसळलेल्या वायुगतिकीविषयी, म्हणजे गाडीभोवतीच्या हवेला दिलेल्या वळणाविषयी, कारण माझ्या मते या गाडीचे मोठेपण तिथे आहे.

पुण्याहून आलेल्या भाच्याने गाडीला एक प्रदक्षिणा घालून विचारले होते, "मामा, ताशी ३४० किलोमीटर जाणाऱ्या गाडीला मागे पंख कसा नाही?" प्रश्न अगदी रास्त होता. कूपेचे छत मागे उतरत जाते, त्याच्या बाकावरून हवा वेगाने वाहते, तिथला दाब कमी होतो आणि वेग वाढेल तशी मागची चाके हलकी पडू लागतात. मोठा पंख लावला की हा दोष जातो, परंतु हवेचा रोध वाढतो आणि छतापासून डिकीपर्यंत एका ओघात उतरणारी रेषा तुटते. ॲस्टनने २०१६ मध्ये डीबी११ बरोबर आणलेल्या आणि २०१८ च्या डीबीएस सुपरलेगेरात पुढे नेलेल्या 'एरोब्लेड' रचनेत यावर सुरेख तोड आहे. मागच्या बाजूच्या काचेलगत, छत पेलणाऱ्या खांबाच्या तळाशी असलेल्या तोंडातून हवा आत घेतली जाते, बॉडीच्या आतल्या मार्गाने डिकीपर्यंत नेली जाते आणि डिकीच्या कडेजवळच्या अरुंद फटीतून झोताच्या रूपाने वर सोडली जाते. छतावरून उतरणाऱ्या हवेला हा झोत वर वळवतो, म्हणजे पंखाचे बरेचसे काम हवाच करते. फटीमागे कार्बन फायबरची बारीक कड आहे. डोळ्याला दिसते ते एवढेच.

पुढच्या चाकांमागची रचना मला याहूनही आवडते. चाक फिरताना कमानीत हवा कोंडते, तिचा दाब वाढतो आणि गाडीचे नाक वर उचलले जाऊ लागते. ही कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून मडगार्डच्या मागच्या कडेला वळणदार पोकळी ठेवली आहे. कंपनी तिला 'कर्लिक्यू' म्हणते. या पोकळीतून निघालेली रेषा तशीच दारावर जाते, त्यामुळे पाहणाऱ्याला ती निव्वळ सजावट वाटते. ॲस्टनच्या गाड्यांना पुढच्या चाकामागे झरोका असण्याची प्रथा जुनी आहे. त्या प्रथेला इथे पूर्ण वेळचे काम मिळाले आहे, याचे मला मनापासून कौतुक वाटते. खाली स्प्लिटर (बंपरखालची पुढे आलेली कड) आणि त्यामागची हवारोधक पट्टी मिळून गाडीच्या पोटाखालची हवा वेगवान करतात, ब्रेकना थंड हवा पुरवतात आणि मागे दुहेरी डिफ्युझर (गाडीच्या तळाचा वर चढत जाणारा भाग) त्या हवेला मोकळी वाट देतो.

आता आकड्यांकडे वळू. सुपरलेगेरासाठी कंपनीने ताशी ३४० किलोमीटरच्या कमाल वेगाला १८० किलोग्रॅम डाउनफोर्स, म्हणजे हवेचा गाडीवर खालच्या दिशेने पडणारा दाब, सांगितला होता. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून तोच आकडा धरून हिशेब केला तर ताशी २०० किलोमीटरला तो सुमारे ६२ किलोग्रॅम भरतो आणि ब्रिटनच्या मोटरवेवरील ताशी ७० मैलांच्या, म्हणजे सुमारे ११३ किलोमीटरच्या मर्यादेत जेमतेम २० किलोग्रॅम. मग रोजच्या वापरात या साऱ्याचा उपयोग काय? माझा अनुभव असा की मर्यादेत चालवताना वरून दाबल्यासारखे काही वाटत नाही. जाणवते ती उचल नसल्याची स्वस्थता. कंब्रियात शॅपजवळ एम६ मोटरवे उघड्या माळावरून जातो आणि तिथे आडवा वारा चांगलाच झोंबतो. त्या टप्प्यावर स्टिअरिंगला वारंवार सावरावे लागत नाही. जर्मनीत वेगमर्यादा नसलेल्या ऑटोबानवर मात्र फरक स्पष्ट कळतो: वेग वाढतो तसे स्टिअरिंग हलके न होता अधिक भारदस्त होत जाते. अर्थात हे सगळे श्रेय हवेचे नाही. या आवृत्तीत पुढचा आडवा सांगाडाही अधिक ताठ केला आहे आणि त्याचा वाटा मोठा आहे.

हवा कुठून कशी जाते हे पाहायला मला हिवाळ्यातली घाण फार उपयोगी पडली. ओल्या, मीठ टाकलेल्या रस्त्यावरून लांब प्रवास करून आलो की गाडीच्या अंगावर करड्या रेघा उमटलेल्या असतात. कर्लिक्यूतून निघालेला पट्टा दारावर बराच मागेपर्यंत सलग दिसतो, तर खांबाच्या तळाशी रेघा आत वळून तोंडाकडे गेलेल्या असतात. तांत्रिक आकृतीत पाहिलेले बाण असे प्रत्यक्ष रंगावर पाहताना मला दर वेळी आनंद होतो.

अल्टिमेटसाठी बॉनेटवर नालाच्या आकाराचा मोठा झरोका दिला आहे आणि पुढच्या बंपरला दोन्ही बाजूंनी जादा हवामार्ग आहेत. दोन्हींचा हेतू वाढलेल्या शक्तीची उष्णता बाहेर काढणे हाच आहे. नाक त्यामुळे सुपरलेगेरापेक्षा उग्र दिसते. मला स्वतःला मूळ गाडीचे शांत बॉनेट अधिक देखणे वाटते, पण झरोक्याच्या कडा घडवण्यातली सफाई वादातीत आहे. २१ इंची चाकांबद्दल तसा काही किंतु नाही. रुंद मागच्या खांद्यांखाली ती शोभून दिसतात.

घेणाऱ्याने देखभालीची एक गोष्ट लक्षात ठेवावी. झाडाखाली गाडी उभी राहिली की एरोब्लेडच्या फटीत पाने आणि कचरा जातो. तो मऊ ब्रशने आणि हलक्या हवेच्या झोताने काढावा. पाण्याचा जोरदार फवारा थेट आत मारू नये. स्प्लिटर खूप पुढे आणि खाली असल्यामुळे चढाच्या पार्किंगमध्ये तिरके शिरावे, आणि बंपर व मडगार्डच्या कडांना पारदर्शक संरक्षक फिल्म पहिल्याच आठवड्यात लावून घ्यावी.