दगडातली नळी: कृमीचं बीळ की लाव्हातल्या वायूची वाट?

कोल्हापूरच्या दगडखाणीत काळ्या दगडात पेन्सिलीएवढ्या पांढऱ्या नळ्या दिसल्या, की 'प्राचीन किड्यांची बिळं सापडली' असा निष्कर्ष लगेच निघतो. तो चुकीचा आहे. इथला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या थिजलेल्या लाव्हाचा. वितळलेल्या खडकात कुठलाच जीव बीळ खणत नाही. त्या नळ्या वायूच्या.

खरं बीळ, उदाहरणार्थ स्कोलिथॉस नावाचं जीवाश्म बीळ, वाळूच्या थरात असतं: उभं, सरळ, फाटे नसलेलं, बहुधा 1 ते 15 मिलिमीटर जाड. प्राण्याने ते वरून खाली खणलेलं असतं. त्यामुळे थराच्या माथ्यावर तोंडांचे गोल ठिपके दिसतात आणि आत बहुधा वरून भरलेली वाळूच असते.

वायुनळी लाव्हाच्या प्रवाहाच्या तळाशी सुरू होऊन वर चढते आणि पुष्कळदा लाव्हा वाहिला त्या दिशेला कलते. कधी दोन नळ्या वर जाताना एकत्र येतात, उलट्या वाय अक्षरासारख्या. हा जोड म्हणजे भक्कम पुरावा. आत झिओलाइट, कॅल्साइट किंवा क्वार्ट्झ यांसारखं खनिज असतं. 10 पट भिंगाखाली स्फटिकांचे चकाकते पैलू दिसतात, वाळूचे कण नाहीत.

आम्लाच्या थेंबावर मात्र विसंबू नका. कॅल्साइट फेसाळतं खरं, पण वालुकाश्माचे कण जोडणारं सिमेंटही कॅल्साइटचं असू शकतं. सुट्या दगडावर तर निदान करूच नये. वर-खाली कळत नाही. नळी कड्यातच बघा, नमुना काढण्याआधी त्यावर वरच्या दिशेचा बाण आखा.

पन्हाळ्याच्या जांभ्यातल्या वेड्यावाकड्या पोकळ्या या दोन्हींत बसत नाहीत. खरी बिळं बघायची असतील तर कच्छचे जुरासिक थर गाठा.