वुडस्टॉकचा 38 सीडींचा खोका: गाणी आहेतच, पण अनाउन्समेंट ऐका
वुडस्टॉक या अमेरिकेतल्या गाजलेल्या रॉक फेस्टिव्हलला 50 वर्षं झाली म्हणून 2019 ला ऱ्हायनो या रेकॉर्ड कंपनीने काढलेला बॉक्स सेट. 38 सीडी, 432 ट्रॅक, साधारण 36 तास, आणि फेस्टिव्हल 1969 चा म्हणून प्रतीही 1969 च काढल्या. किंमत तेव्हा 800 डॉलर!! आपल्याला कुठलं परवडायला, न्यू जर्सीच्या मामेभावाने घेतलाय, त्याच्याकडे ठाण मांडून ऐकला. खोका प्लायवुडचा, आत स्टेजची आठवण यावी म्हणून कॅनव्हास, दिसतो झक्कास.

फेस्टिव्हलनंतर निघालेल्या जुन्या तीन एलपींच्या अल्बममध्ये बरीच चलाखी होती. आर्लो गथ्रीचं गाणं भलत्याच ठिकाणी रेकॉर्ड केलेलं, क्रॉस्बी-स्टिल्स-नॅश-यंगचं एक तर महिनाभराने न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टला रेकॉर्ड केलेलं, आणि क्रीडन्स हा बँड, गायक बर्ट सॉमर यांचा पत्ताच नाही. इथे सगळे आहेत, ज्या क्रमाने वाजवलं त्याच क्रमाने.

पण खरी मजा मधल्या अनाउन्समेंटमध्ये. चिप मंक हा मूळचा लायटिंगवाला, ऐनवेळी हातात माइक दिला, आणि मग टॉवरवरून खाली उतरा, अमक्याने घरी फोन करा, ते तपकिरी अ‍ॅसिड (म्हणजे एलएसडी, नशेचं) काही खास नाहीये जपून... जत्रेत लाउडस्पीकरवरून हरवलेल्या पोराच्या आईबापांना बोलवतात ना, डिट्टो तसं. 18 डॉलरचं तिकीट होतं पण कुंपणच पुरं झालं नाही, मग 4 लाखांवर पब्लिक, त्यात पाऊस, आणि याचा आवाज शेवटपर्यंत शांत. वुडस्टॉकवरच्या सिनेमात हे तुकड्यातुकड्यात आहे, इथे सलग ऐकताना कळतं की सगळं किती थोडक्यात निभावलंय.

रविशंकर शुक्रवारी रात्री, पावसात. तबल्यावर अल्लारखाँ, तानपुऱ्यावर माया कुळकर्णी (हो, कुळकर्णी!). पुरिया धनाश्री तर संध्याकाळचा राग, तो रात्री का, असं घरातले जाणकार विचारतीलच, पण झपतालातला तबला सोलो ऐका आणि गप्प बसा. पंडितजींना स्वतःला मात्र तो प्रकार रुचला नव्हता, चिखलातलं पब्लिक बघून म्हशी आठवल्या असं नंतर त्यांनी बोलून दाखवलंय.

ग्रेटफुल डेड हा बँड रटाळ. ओल्या स्टेजवर शॉक बसत होते बिचाऱ्यांना, ते ठीक, पण आपण का सोसायचं. आणि एवढे पैसे मोजून गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सच्या कार्यक्रमातली दोन गाणी गायब, हे काय पटलं नाही बुवा.

कलेक्टर नसाल तर 10 सीडींचा सेट बघा, त्यातही झाडून सगळे कलाकार आहेत. 3 सीडींच्या नादी लागू नका.