नाचण्याला बचत गटाचं गांडूळ खत आणि व्हर्मिवॉश

आजऱ्याकडच्या डोंगरउतारावर नाचणा करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, तांबड्या वरकस जमिनीत विस्कटून टाकलेलं खत पहिल्या झडीतच ओढ्याला जातं. म्हणून शेजारच्या गावातल्या बायकांच्या बचत गटाकडून घेतलेलं गांडूळ खत मी रोपलावणीच्या वेळी ओळीतच मुठीनं टाकलं.

खत एक नंबर आहे. पोतं सोडलं की चहाच्या भुकटीसारखे काळे, सुटे दाणे. न कुजलेला काडीकचरा नाही, शेणाचा वास नाही, हाताला ओल लागते पण चिखल होत नाही. किलोला दहा रुपये महाग वाटतात, पण अर्धवट कुजलेलं शेणखत घालून हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तण शेतात आणण्यापेक्षा हे परवडलं.

व्हर्मिवॉशचं थोडं सविस्तर सांगते. गांडुळांच्या बॅरलमधून थेंब थेंब झिरपलेलं हे पाणी. सोळा लिटरच्या पंपाला दीड लिटर, म्हणजे साधारण दहा टक्के. आधी धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळा, नाहीतर नोझल तुंबून अर्धा दिवस त्यातच जातो. फुटवे येताना एकदा आणि पीक पोटरीत असताना, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधी एकदा, उघडीप बघून सकाळी फवारलं. पानाच्या खालच्या बाजूलाही बसलं पाहिजे. ऑगस्टमध्ये पाऊस ओढला तेव्हाही पानं तजेलदार राहिली, कणसाची बोटं टोकापर्यंत भरली.

पण नुसत्या फवारणीवर नाचणा येत नाही. बांधाकडच्या पट्ट्यात खत कमी पडलं, तिथं फवारा तेवढाच मारूनही फुटवे विरळच. फवारा हा वरखर्च, पोट जमिनीतूनच भरतं. करपा रोगही यानं थांबत नाही; त्यासाठी रोगाला दाद न देणारं वाणच निवडावं लागतं. कोल्हापूरच्या संशोधन केंद्राची फुले नाचणी मला त्या बाबतीत भरवशाची वाटते.

गटाच्या ताईंना एक सांगणं आहे: कॅनवर भरल्याची तारीख लिहा. जुना व्हर्मिवॉश आंबूस वास मारतो, आणि तो पिकावर मारायचा की नाही हे घेणाऱ्यानं कसं ठरवायचं? झाकणंही घट्ट नाहीत, गाडीवरून आणताना पाव लिटर तरी सांडतं.

रोहिणी नक्षत्र लागायच्या आत सांगून ठेवा. लावणीच्या तोंडावर गेलात तर पोती शिल्लक नसतात. कॅन आपलाच न्या, दहा रुपये कमी घेतात.